एकपंखी आणि दुपंखी

माझे घरमालक दसऱ्याच्या दिवशी घरातून पळून जायचे.

पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. मी नुकतीच नागपूरहून गोंदियाकडच्या कामठ्याच्या बाजूच्या त्या खेड्यात मुलींच्या शाळेवर आले होते. एकटी बाई, तरणी, डोक्यात शिस्त आणि नाकावर राग. गावात मला जागा द्यायला कोणी धजेना, ती यांनी दिली. बायको वारलेली, मुलगा रेल्वेत, तिकडे डोंगरगडला. घराच्या मागच्या भागात हे एकटे, पुढच्या दोन खोल्यांत मी, आणि अंगणाच्या कुडापलीकडे यांच्या धाकट्या बहिणीचं, भागरताबाईंचं घर. जेवणखाण बहिणीकडेच. "बाजूले बहीण आहे, बाई. कोनाले भेवाचं काम नाई," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

तर दसऱ्याच्या सकाळी मी न्हाऊन दारात रांगोळी घालते आहे, तो हे समोर उभे. हातात ताम्हण, त्यात हळद, कुंकू, तांदूळ, झेंडूची फुलं. ओसरीवर कुदळ, फावडी, विळे, नांगराचा फाळ, सगळं धुऊनपुसून मांडलेलं.

"बाई, हत्यारायची पूजा करून घ्या. मी चाललो."

"मी कशाला? औजारं तुमची, पूजा तुम्ही करा की!"

"माही पूजा फळते," मालक म्हणाले. "तुमी शिकलेल्या आहा. तुमच्या हातानं काई होनार नाई."

आता हा मान समजायचा की अपमान? मी तोंड उघडायच्या आत ताम्हण माझ्या हातात कोंबलं आणि स्वारी तळ्याच्या पाळीकडे चालती झाली. दिवसभर तिथेच, मोहाच्या झाडाखाली. दिवस मावळल्यावर आले ते सोनं द्यायला. मी घुश्शातच होते. पण म्हातारा इतका निमूट, इतका वाळलेल्या तोंडानं उभा होता, की भांडायचं मी विसरले. मी आपट्याचं पान घेतलं आणि पाया पडले.

एरवी मात्र माणूस निमूट मुळीच नव्हता. आवाज असा, की अंगणात खोकले तर माझ्या वर्गातल्या पोरी पाढे विसरायच्या. तळी बांधणाऱ्या कोहळी जातीचं घराणं. गावचं तळं त्यांच्या खापरपणज्यानं बांधलेलं आणि त्याची ती उंच मातीची पाळ म्हणजे यांचा जीव. पण बोलायचे ते तळ्याबद्दल नव्हे, विमानांबद्दल. 'विमान' हा शब्द त्यांना चालत नसे. "इमानं देवायची. सायबाची ती मशीन." सकाळी भेटले की विचारायचे, "टाकी भरली का, बाई?" म्हणजे चहापाणी झालं का. मला हे समजायला आठवडा लागला. तोवर मी रोज माठ तपासत होते.

आणि ते कोणाकडेही सरळ जात नसत. सूर्य पाठीवर घेऊन जात. सकाळी काम असेल तर पूर्वेकडून, दुपार कलली की पश्चिमेकडून, मग त्यासाठी अख्ख्या गावाला वळसा पडो. "समोरच्याच्या डोळ्यात ऊन गेलं पायजे. मंग बोलाचं. माहा सायेब असाच जाये." लोक हसायचे. मीही हसले. पण पुढे शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा मी त्यांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून मांडली आणि आपण खिडकीला पाठ करून उभी राहिले. बिचारे डोळे किलकिले करत बसले आणि प्रश्न न विचारताच उठले. शेरा उत्तम मिळाला. मालकांना सांगितलं तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "पायजा! बाई उडाले लागल्या!"

आता हे 'माहा सायेब' प्रकरण सांगायला हवं, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

पहिल्या जर्मनच्या लढाईच्या वेळी मालक ऐन विशीतले. त्या साली तळं फुटलं, धान बुडालं, गावात कामधंदा नाही. सरकार इराकात बसऱ्याकडे मातीकामाला माणसं नेत होतं. मालक निघाले, आणि त्यांच्यासोबत त्यांचा जिवलग मित्र निघाला. या मित्राशी भागरताबाईंचं लग्न ठरलेलं होतं, परतल्यावर व्हायचं होतं. गोंदियाच्या स्टेशनवरून दोघं एकाच डब्यात बसले, बोटीत शेजारीशेजारी ओकले आणि बसऱ्याला उतरल्यावर वेगळे झाले. मित्राला पुढे गेलेल्या पलटणीसोबत पाठवलं. ती पलटण नदीकाठच्या एका गावात वेढली गेली, अन्न संपलं आणि सगळे तुर्कांच्या हाती लागले. मित्र कैदी झाला. मालकांना एवढंच कळलं, की तो गेला. मेला असंच त्यांनी धरलं.

मालकांना काम मिळालं इंग्रजांच्या विमानतळावर. नदीला पूर आला की ते मैदान बुडायचं, म्हणून त्याला चहूकडून पाळ घालायची. हे तर यांचं घरचंच काम. तिथे यांचा तो सायेब. कोवळा पोरगा, मिशीसुद्धा फुटली नव्हती, तोंडभर वांगाचे ठिपके. मशीनमध्ये बसताना गाणं म्हणायचा, उतरल्यावर ओकायचा. त्याची मशीन दुपंखी, म्हणजे एकावर एक असे दोन पंख. मालक म्हणायचे, दुमजली.

आणि नदीच्या वरच्या अंगाला, तुर्कांच्या तळावर, एक जर्मन वैमानिक होता. त्याची मशीन एकपंखी. ती इतकी चपळ, की इंग्रजांची तीन मशिनं त्यानं पाडली असं तळावर बोलत. त्याची बंदूक म्हणे फिरत्या पंख्यामधून गोळी मारायची आणि पंख्याला ओरखडा उठत नसे. मालकांच्या सायबाला या एकपंखीवाल्यानं झपाटलं होतं. सकाळ झाली की त्याचंच नाव.

आता गंमत पाहा. त्या जर्मनच्या तळालाही पुराचा त्रास. तिथेही पाळ घालायला कैद्यांना जुंपलेलं. आणि त्या कैद्यांत आमच्या गावचा, भागरताबाईंचा ठरलेला नवरा. एकाच नदीवर, एकाच गावची दोन पोरं, समोरासमोरच्या दोन सायबांसाठी माती टाकत होती. आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

लढाई संपल्यावर मित्र परत आला. लंगडत आला, पण आला. भागरताबाईंशी लग्न झालं. आणि तेव्हापासून या दोन मेव्हण्यांचं भांडण सुरू झालं, ते मी त्या गावात आले तेव्हाही चालूच होतं. कोणाचा सायेब मोठा? जुन्या मित्राला अरे-तुरे करायची चोरी, कारण आता तो घरचा जावई. त्यामुळे भांडण मोठं अदबीनं चाले.

"जवाईबुवा, पंख्यातून गोळी? तुमी लबाड बोलून राहिले."

"दादाजी, तुमच्या सायबाची बंदूकच जाम होये. म्हनून त्याले ते खरं वाटत नव्हतं."

"माहा सायेब आला का तुमचा पळे!"

"कायले पळन? तुमच्या सायबाचा नेम कच्चा. म्हनून तं मी जित्ता आहो नं!"

हे शेवटचं वाक्य जवाईबुवा हमखास टाकायचे आणि खो खो हसायचे. मालक हसत नसत. ते पानावरून उठून जायचे. भागरताबाई नवऱ्यावर डोळे वटारायच्या. मला वाटायचं, म्हातारा हरला की रुसतो. मेली कुठली अक्कल तेव्हा!

दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्यालाही ताम्हण माझ्याच हाती आलं. पूजा उरकून मी पोळीची शिदोरी घेऊन पाळीवर गेले. झाडाखाली मालक, आणि शेजारी जवाईबुवा पाय पसरून बसलेले. मी सरळच विचारलं, "काय हो, हे दर वर्षी पळणं काय आहे? एकदा सांगून तरी टाका."

सांगितलं ते जवाईबुवांनी, बिडी ओढत, चेष्टा सांगावी तसं.

तिकडच्या तळावर दसरा आला, तेव्हा मातीकामावरच्या आपल्या लोकांनी हत्यारं पुजायचं ठरवलं. कुदळी-फावडी पुजून झाली. तेवढ्यात मालकांना वाटलं, खरं हत्यार तर सायबाचं. मशीनच्या पंखाखाली कोहळ्याएवढा एक बॉम्ब लटकवलेला होता. सायबाला हातवारे करून विचारलं. तो हसला, म्हणाला, करा. मग यांनी भटारखान्यातून हळद आणली, कुंकू लावलं, नारळ कुठला मिळायला, म्हणून खजूर ठेवला आणि हात जोडून म्हणाले, देवा, हे नेमकं लागू दे, एकपंखीवाल्याच्या तळावर लागू दे. सायेब उडाला. सूर्य पाठीवर घेऊन गेला. आणि तो बॉम्ब पडला पाळीवर, जिथे कैदी माती टाकत होते तिथे.

"गारा होता म्हनून वाचलो," जवाईबुवा म्हणाले. "बम चिखलात घुसला. फुटला, पन आतल्या आत. पाळ माह्या आंगावर आली. पाय चेंदला. मी म्हनलो, झालं. तं कोन आलं? माहा सायेब! एवढा मोठा जर्मन सायेब, हातानं माती उपसून राहिला! पाठीवर मारून डाक्टराकडे नेलन् मले. अर्धा टरबूज देलन्. आता तुमीच सांगा बाई, मोठा सायेब कोनचा?"

मी शिदोरी खाली ठेवली आणि विचारलं, "आणि तुम्हा दोघांना हे कळलं कधी?"

परतल्यावर हे दोघं याच झाडाखाली बसून लढाईच्या गोष्टी करत होते. तुला कुठे लागलं, कधी लागलं, असं निघता निघता 'दसऱ्याच्या दिवशी' निघालं. आणि मालकांना कळलं, की तो बॉम्ब आपणच पुजलेला. तिथून पुढे त्यांनी कुठल्याच हत्याराला हळदकुंकू लावलं नाही. त्यांचं एवढंच म्हणणं: "मी मांगलो अन् देवानं देलं. माह्याच बहिणीच्या कपाळाचं कुकू मी बमाले लावलो होतो, बाई."

"पन नेम चुकला नं!" जवाईबुवा म्हणाले.

"चूप बसा," मालक म्हणाले.

मला त्या दिवशी त्या म्हाताऱ्याची इतकी माया आली, की मी तिथेच बसले आणि तिघांनी मिळून ती पोळी खाल्ली.

आमच्या त्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. जत्राच म्हणा ना. भर दुपारी दंडार होते: ढोलकी, टाळ, गाणी, सोंगं, नाच, सभोवती गाव गोल करून उभं. आमच्या गावच्या दंडारीत रामायणाच्या आधी एक सोंग ठरलेलं असायचं, ते 'मशीनीची लढाई'. हे आमच्याच गावात, दुसरीकडे कुठे नाही. बांबूच्या कमच्यांचे दोन सांगाडे, वर कापड ताणलेलं. कमरेला बांधायचे आणि रिंगणात फिरायचं. दुमजली मशीन मालकांची, एकमजली जवाईबुवांची. साठीच्या घरातले दोन म्हातारे, एक लंगडा, तोंडानं घुर्र घुर्र करत एकमेकांभोवती घिरट्या घालताहेत आणि ढोलकी कडकडते आहे. माझ्या पहिल्या मंडईत मी हसून हसून डोळे पुसले. मग पाहिलं, तर एकपंखीचं कापड ओळखीचं वाटलं. माझं हिरवं पातळ! वाळत घातलेलं चार दिवसांपूर्वी गेलं होतं, आणि मी कावळ्यांपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना दोष देऊन बसले होते.

"तुमच्या सायबानं पातळं पळवली होती का हो कधी?" मी नंतर कडाडले.

"जवाईबुवाच्या मशीनले चांगलं कापड पायजे होतं," मालक म्हणाले. "त्याईच्या सायबाची मशीन चकचकीत राहे. आपून खोटं कायले करावं?"

बघा म्हणजे! स्वतःच्या मशीनला जुनं धोतर आणि शत्रूच्या मशीनला माझं नवंकोरं पातळ. पुढे मी ते परत मागितलंच नाही. दर वर्षी इस्त्री मात्र मीच करून द्यायची.

त्या सोंगात एक खोट होती. कोणीच पडत नसे. लोक ओरडायचे, "पाडा! पाडा कोनाले तरी!" ढोलकीवाल्याचे हात दुखून यायचे, रामाचं सोंग घेतलेला माणूस धनुष्य घेऊन ताटकळायचा. हे दोघं आपले फिरताहेत. शेवटी पाटील हात जोडून दोघांना बाहेर काढत. मी मालकांना विचारलं, तर म्हणाले, खरी लढाई अशीच झाली. बॉम्बच्या नंतर काही दिवसांनी दोन्ही सायेब नदीवर समोरासमोर आले. एकमेकांच्या मागे लागून घिरट्या, घिरट्या, घिरट्या. एका काठावरून मालक बघत होते, दुसऱ्या काठावरून पायाला पट्ट्या बांधलेले जवाईबुवा खाटेवर पडून. अखेर दोघांचं तेल संपत आलं आणि दोघं आपापल्या घरी गेले. मालकांचा सायेब पुढे तापानं आजारी पडून मायदेशी गेला. जर्मनची बदली झाली. निकाल काही लागलाच नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. समोरच्या बाजूचा एखादा नावाजलेला वैमानिक मेला, की हे लोक त्याच्या तळावर जाऊन वरून फुलांचा हार टाकायचे. हाराला कापडाची लांब शेपटी बांधायची, म्हणजे खालच्यांना दिसतो. त्या वेळी कोणी कोणावर गोळी झाडायची नाही. "दुश्मनाचा हार वरूनच पडला पायजे," मालक म्हणायचे. "हातानं तं कोनीबी घालते."

माझं तिथलं सहावं की सातवं वर्ष असेल. पावसाळ्यात जवाईबुवांनी अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. गोंदियाच्या डॉक्टरांनी भागरताबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की फार दिवस नाहीत, काय हवं-नको ते बघा.

त्यांना काय हवं होतं हे गावाला ठाऊक होतं. खाटेवर पडल्या पडल्या येईल त्याला सांगायचे, "एकदा माहा सायेब जिंकताना दिसला पायजे होता, गा. डोळे मिटाच्या आंधी."

भागरताबाई संध्याकाळी भावाकडे आल्या. मी ओसरीवर वह्या तपासत होते. बाई उभ्याउभ्याच बोलल्या, "दादा, यंदा मंडईत पडून जाय. त्याईच्या डोळ्यासमोर एकदा पड. मी तुले आजवर काई मांगलं नाई."

मालक म्हणाले, "नाई."

बाई वळल्या आणि निघून गेल्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं मात्र डोकं सटकलं. मी वह्या आपटल्या आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हातारे झालात तरी हट्ट जात नाही? कुठला कोण सायेब, तिकडे मरून माती झाला असेल, त्याच्यासाठी बहिणीला परत पाठवता? लाज नाही वाटत?

मालकांनी पडलेल्या वह्या उचलून ठेवल्या. मग म्हणाले, "बाई, कुस्त्यायची दंगल पायली का कधी? निकाल लागला का मानूस काय करते?"

"काय करतो?"

"धोतर झटकते अन् घरी जाते." त्यांनी कुडापलीकडे, बहिणीच्या घराकडे पाहिलं. "मी पडलो का निकाल लागला. मंग तो कायच्यासाठी थांबल?"

माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला. मी आत जाऊन चहा टाकला आणि तो दोघांनी ओसरीवर बसून घेतला.

मंडईच्या दिवशी जवाईबुवांना बैलबंडीत गादी घालून आणलं. बंडी रिंगणाच्या कडेला लावली, भागरताबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. एकपंखी यंदा गावातल्या एका जवान गड्याच्या कमरेला बांधली होती. माझं हिरवं पातळ उन्हात झळकत होतं. ढोलकी सुरू झाली. मालक रिंगणात आले, सूर्य पाठीवर घेऊन आले. घिरट्या सुरू झाल्या. जवान गडी तो, सोसाट्यानं फिरत होता. मालकांचा श्वास फुलला होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एकदा त्यांनी बंडीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि मला कळलं, की आता हे पडणार.

दुमजली मशीन डावीकडे कलली. मालक गुडघ्यावर आले, मग मातीत आडवे झाले. कमच्या कडाकडा मोडल्या. गाव एकदम चूप. ढोलकीसुद्धा थांबली. आणि त्या शांततेत बंडीतून खरखरीत आवाज आला.

"उठ बे!"

इतक्या वर्षांचं जवाईपण आणि अदब सगळी गेली. जवाईबुवा भागरताबाईंचा हात झिडकारून उठून बसले होते, बंडीच्या दांड्याला धरून.

"उठ म्हनतो नं! काऊन पडून राहिला? कोनी गोळी मारली तुले? माहा सायेब फुकटची लढाई जिंकते का? टाकी भरली आहे अजून तुही! उठ!"

मालक मातीत पडल्या पडल्या रडायला लागले. मग हसायला लागले. मग तसेच, मोडक्या कमच्यांसकट, उठून उभे राहिले आणि तोंडानं घुर्र केलं. काय सांगू, अख्खं गाव ओरडलं. रामाचं सोंग घेतलेला माणूसही ओरडत होता. त्या दिवशी पाटलांनीही कोणाला बाहेर काढलं नाही.

जवाईबुवा मोहफुलं पडेपर्यंत, म्हणजे थेट चैत्रापर्यंत जगले. डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं. खाटेवरून भांडण शेवटपर्यंत चाललं, पण आता दोघं पुन्हा अरे-तुरेवर आले होते.

ते गेले त्या सकाळी मालक माझ्या दारात आले. त्या वेळी सूर्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ऊन त्यांच्याच डोळ्यांत येत होतं. म्हणाले, "बाई, ते पातळ फाडतो." मी कात्री आणून दिली. पळसफुलांचा हार त्यांनी स्वतः ओवला आणि त्याला माझ्या पातळाचा लांब पट्टा बांधला.

प्रेत तळ्याच्या पाळीखालून जायचं होतं. तिथे मोहाच्या झाडाशी विसावा, म्हणजे घडीभर ताटी, आपली तिरडी, खाली टेकवायची जागा. बायकांनी तिथवरच जायचं. आम्ही पोचलो, तर झाडावरून पानं खाली येताहेत. वर पाहते तो मालक! या वयात, पार वरच्या फांदीवर, धोतराचा काचा मारून. खाली एकच गिल्ला. "उतरा गा बुढाजी! पडान नं!"

"ताटी टेकवा," वरून हुकूम आला. "अन् दूर सरा."

लोक सरले. मालकांनी हार दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि सोडला. हिरवी शेपटी फडफडत हार खाली आला. मध्येच वाऱ्याची झुळूक आली आणि हार ताटीवरून वाहत वाहत लांब, बायकांच्या घोळक्यात, भागरताबाईंच्या पायांशी येऊन पडला.

वरून हुंदका ऐकू आला. "चुकला," मालक म्हणत होते. "पुन्हा चुकला नेम."

भागरताबाईंनी हार उचलला. मान वर केली. बाईचा आवाज मोठा नव्हता, पण पाळीवर सगळ्यांना ऐकू आला.

"खाली ये, दादा. रडू नोको. तवा तुहा नेम चुकला, म्हनून तं माहा संसार झाला."

त्यांनी जाऊन तो हार नवऱ्याच्या लंगड्या पायावर ठेवला, पट्टा नीट पसरला आणि मागे सरल्या. चार जणांनी मालकांना धरून झाडावरून उतरवलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझी बदली झाली, पण त्याआधी एक दसरा मिळाला. सवयीनं मी सकाळी लवकर न्हाले आणि ताम्हणाची वाट बघत ओसरीवर थांबले. बराच वेळ कोणी आलं नाही. मागे जाऊन पाहिलं, तर मालक आपल्या अंगणात उकिडवे बसले होते. समोर धुतलेली कुदळ, फावडी, फाळ. शेजारी भागरताबाई ताम्हण धरून. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मालकांचं बोट कुंकवात बुडवलेलं, आणि ते हवेतच थांबलेलं.

मग त्यांनी कुदळीला टिळा लावला. एकेका हत्याराला लावला. हात जोडले. माझी चाहूल लागली तशी मागे वळून म्हणाले, "बाई, मी इतकी वर्षं उलटाच हिशेब धरून बसलो. कुकू मीच लावलो होतो, अन् नेम चुकला. म्हंजे फळलीच म्हना नं पूजा."